कर्ण्यावरचं ते वाक्य

अप्पा, गेल्या महिन्यात तुमच्या तोंडी कुणाचा तरी आवाज बसवलेला मी ऐकला, आणि तेव्हापासून तुम्हाला लिहायचं डोक्यात घोळतं आहे. झालं असं, की माझ्या थोरल्या दिरांच्या मुलाला हदगावच्या घरात माळ्यावर आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट सापडली. त्यानं ती एका दुकानात देऊन मोबाईलवर दिसेल अशी करून घेतली आणि त्यातला एक छोटा तुकडा कापून घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला. तुकड्यात तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे आहात, तुमचे ओठ हलताहेत, आणि वरून कुठल्याशा मालिकेतल्या बापाचा भरदार आवाज येतो, की पोरी, तू गेलीस की या घराच्या भिंतीसुद्धा मला ओळखणार नाहीत. मागे सनई. खाली सगळ्या नातेवाइकांनी रडके चेहरे टाकलेले, कुणी हात जोडलेले. अप्पा, तुम्ही उभ्या आयुष्यात भिंतीबद्दल एकच गोष्ट बोललात, ती म्हणजे ओल आली आहे. मी काही चेहरा टाकला नाही. पुतण्याला फोन करून म्हटलं, पूर्ण कॅसेट पाठव, तुकडा नको.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, तो वयाबरोबर वाढलाच. दूधवाल्यासमोर मी माप हलवून बघते, टरबूज घेताना दहा वाजवून एक घेते, आणि दहावंही मनातून पटलेलं नसतंच. संध्याकाळी सून आणि मी मिळून मालिका बघतो. ती लातूरची आहे, मऊ मनाची, पडद्यावर कुणी 'आई' म्हटलं की हिच्या डोळ्याला पदर. मी शेजारी बसून चौकशी करते. आईला ॲम्ब्युलन्समध्ये घालायचं सोडून हा पोरगा एवढं लांबलचक कसं बोलतो? ड्रायव्हर काय बिडी ओढायला गेला का? आणि हिचे डोळे ओले आहेत, पण नाक कसं लाल नाही? खरं रडू आलं की आधी नाक वाहतं. सून म्हणते, "आई, तुम्ही पोलिसात जायला पायजे होतं." मी हसते. पण ही पोलिसगिरी मी कुठून शिकले ते तिला सांगितलेलं नाही. ती तुमच्या टेबलाशेजारी शिकले, अप्पा.

उदगीरला तुमचं लाऊडस्पीकरचं दुकान. दोन कर्णे, आवाज मोठा करायचं एक मशीन, एक टेप आणि कॅसेटींची पत्र्याची पेटी. पंचक्रोशीत लग्न असलं की मंडप घालणाऱ्या बिछायतवाल्याच्या गाडीत तुमचं सामान चढायचं, आणि जवळचं गाव असलं की मीही चढायचे. तेव्हा आपल्याकडे रीतच पडली होती. अक्षता पडेपर्यंत गाणी, पंगतीला गाणी, आणि लेक सासरी वाटे लावताना डायलॉगची कॅसेट. पिक्चरमधला एक म्हातारा बाप लेकीला सासरी धाडतो, तो सगळा प्रसंग त्या कॅसेटमध्ये होता. बायका स्वतः येऊन सांगायच्या, "अप्पा, लावा की तुमची ती रडायची." कारण नुसतं रडायला कुणाला सुचत नाही. कर्ण्यातून तो बाप गहिवरला, की मंडपातल्या बापाला धीर यायचा, तोही डोळे पुसायचा. जो बाप लेकीशी कधी धड चार शब्द बोललेला नसायचा, त्याच्या वतीनं झाडावरचा कर्णा बोलायचा. मी लहानपणीच ओळखलं होतं, की माणसं रडतात ते बटण दाबल्यावर रडतात, आणि बटण माझ्या अप्पाच्या हाताखाली आहे. एकदा का हे कळलं, की पुढे कुणाच्याही रडण्यावर विश्वास बसणं अवघड जातं.

त्या प्रसंगाच्या शेवटी एक वाक्य होतं. बाप म्हणायचा, "त्या घरात उभी चाललीस पोरी, आता तिथून आडवीच निघ." आणि मग व्हायोलिन. पण उदगीरच्या आसपास किती लग्नं तुम्ही वाजवली असतील, त्यातल्या एकाही नवरीनं हे वाक्य ऐकलं नाही. ते यायच्या आधी तुमचा हात आवाजाच्या बटणावर जायचा. "उभी चाललीस पोरी" एवढं ऐकू यायचं, मग कर्णा मुका, मग पुन्हा व्हायोलिन. लोकांना वाटायचं कॅसेटच घासली आहे. मी एकदा विचारलं होतं, "अप्पा, असं का करता?" तुम्ही वायर गुंडाळत होतात. म्हणालात, "लोकाच्या लेकीच्या लग्नात तिरडी कशाला काढायची माय? लई वंगाळ बोलतो तो म्हातारा." तेवढंच. मला ते फार आवडलं होतं. शाळेत मी मैत्रिणींना सांगायचे, की ते वाक्य जगात फक्त मला आणि अप्पाला माहीत आहे.

आता माझ्या लग्नाचं. तीस वर्षं मी ते ज्या क्रमानं आठवत आले, त्याच क्रमानं सांगते. मशीन मंडपाच्या कडेला टेबलावर, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला तुम्ही तयार नव्हतात. ओटी भरून झाली, जीप दारात, बायकांनी नेहमीसारखा गलका केला आणि तुम्ही कॅसेट लावलीत. मग टेबल सोडून माझ्याकडे आलात. डोक्यावर हात ठेवलात. माझी मान खाली, मला तुमच्या चपला तेवढ्या दिसताहेत, एकीचा अंगठा शिवलेला. तुम्ही काहीतरी बोलता आहात, पण डोक्यावर कर्णा बोंबलतो आहे आणि मला त्यातलं अक्षर कळत नाही. आणि मग, अप्पा, ते वाक्य आलं. पूर्ण आलं. 'आता तिथून आडवीच निघ.' सगळ्या मंडपावर, झाडावर, रस्त्यावर. आणि ते संपताक्षणी तुमचा हात माझ्या डोक्यावरून उठला आणि चपला वळून निघून गेल्या. कॅसेटमधला बापसुद्धा तसाच पाठ फिरवून जातो, मी तो पिक्चर टुरिंग टॉकीजमध्ये तुमच्याच मांडीवर बसून पाहिला होता.

जीपमध्ये बसल्यावर मी एवढाच विचार करत होते, की हात चुकला असेल का? आणि माझंच मन मला सांगत होतं, तुमचा हात कधी चुकत नाही. लोकांच्या लेकींसाठी झाकलेलं वाक्य तुम्ही स्वतःच्या लेकीसाठी उघडं सोडलंत, तर ते मुद्दाम. तुम्हाला तोंडानं सांगता आलं नसतं, म्हणून कर्ण्याकडून सांगवलंत. बाकीच्या बापांसारखेच निघालात.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदा पाहुण्यांच्या पंगतीत भाजीत मीठ जास्त झालं, म्हणून यांनी सगळ्यांदेखत माझ्या तोंडात मारली. पहिली नव्हती, पण लोकांदेखत पहिली होती. दुसऱ्या दिवशी मी पिशवीत दोन लुगडी भरली आणि हदगावहून नांदेडला आले. स्टँडवर उदगीरची गाडी उभी होती. कंडक्टर दारात लोंबकळून ओरडत होता, "मुखेड, उदगीर, चला, मुखेड, उदगीर!" माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, यायचं हाय का न्हाई? गाडी सुटून राहिली." मी न्हाई म्हटलं. पायरीवर पाय ठेवायचा तेवढा बाकी होता, पण कानात तो म्हातारा बोलत होता, आणि त्याच्या आवाजात मला तुमचा हात दिसत होता, बटणापासून लांब, मुद्दाम लांब. मी हदगावच्या गाडीत बसून परत गेले. पुढे हेही निवळले, मुलं झाली, दिवस निघाले, आता म्हातारपणी मला विचारल्याशिवाय चहासुद्धा पीत नाहीत. पण निवळायला जी वर्षं लागली ती मीच काढली, आणि ती काढताना मला एकच प्रश्न होता. मी त्या गाडीत बसून आले असते, तर तुम्ही दार उघडलं असतं का?

त्याच वर्षी पंचमीला तुम्ही मला न्यायला आला होतात. सासूबाई म्हणाल्या, यंदा कामं फार आहेत, पाठवत न्हाई. तुम्ही ओसरीवर बसलात, टोपी गुडघ्यावर. मला म्हणालात, "कसं हाय माय?" मी म्हटलं, "बरं हाय." "काही हाय का?" "काही न्हाई." मग बराच वेळ तुम्ही टोपीची घडी उलटसुलट केलीत आणि म्हणालात, "त्या दिवशी ते मशीन..." तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या आणि त्या उठेपर्यंत तुमच्या गाडीची वेळ झाली. मला तेव्हा राग आला होता. इतक्या लांब लेकीकडे आलेला माणूस, आणि तोंडात मशीन. नवं घेतलं असेल किंवा जुनं जळालं असेल, मला त्याचं काय?

तुम्ही गेलात तेव्हा दिवसांचं सगळं उरकल्यावर अव्वा चुलीपुढं बसून मला म्हणाली होती, "तुझ्या लग्नापासून अप्पानं ती रडायची कॅसेट पुन्हा लावलीच न्हाई गं. बायका मागं लागायच्या, तर घासली म्हणून सांगायचे. घासली कशाची, दगडानं ठेचली, म्या बघितलं." मी त्यावरही विश्वास ठेवला नाही. तेव्हा डीजे निघाले होते, डायलॉग कोण ऐकणार होतं? आणि नवरा गेलेली बाई त्याच्याबद्दल चांगलंच सांगणार. मी अव्वाला पुढं काही विचारलं नाही. आता अव्वाही नाही.

पुतण्यानं पूर्ण कॅसेट पाठवली ती मी दुपारी बघितली, चष्मा पुसून, दार लावून. यापूर्वी एकदाच बघितली होती. लग्नानंतर महिनाभरानं हदगावला भाड्यानं व्हीसीआर आणला होता आणि सगळी आळी जमली होती. नव्या सुनेनं मान वर करून टीव्ही बघायची पद्धत नव्हती, मी सगळ्यांच्या मागे बसून पोह्याच्या बश्या उचलत होते. त्यात शूटिंगवाल्यानं मूळ आवाज पुसून सगळीकडे गाणी भरलेली. म्हणजे पुरावा मुका आहे. पण मुका पुरावा मला चालतो, मी मालिकाही आवाज बंद करून पारखते.

आता ऐका मला काय दिसलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे आहात. पुतण्याच्या तुकड्यात वरचाच भाग होता, खालचा त्यानं कापला होता. खालच्या भागात माझी डावी मूठ आहे, आणि त्या मुठीत तुमच्या सदऱ्याची बाही आहे. घट्ट, सगळ्या बोटांनी. अप्पा, हे मला आठवत नाही. तीस वर्षं मी ज्या प्रसंगाची उजळणी करत आले, त्यात माझे हात कुठे होते हे मी कधी बघितलंच नव्हतं. तुम्ही बोलता बोलता मागे वळून टेबलाकडे बघता. मग पुन्हा माझ्याकडे. पुन्हा टेबलाकडे. तुमचा दुसरा हात माझ्या मुठीवर येतो, सोडवायला आला असावा, कारण बोटं माझ्या बोटांखाली जातात. आणि मग ती तिथंच थांबतात. सोडवत नाहीत. नुसता हातावर हात राहतो. मग एकाएकी अव्वाचा पदर तोंडावर जातो. सासूबाई मान वर करून झाडाकडे बघतात, आणि त्यांच्या तोंडावर हसू आहे. मागं बिछायतवाल्याचा माणूस खुर्ची उचलता उचलता थांबतो. सगळे कर्ण्याकडे बघताहेत, तेव्हा तेच वाक्य आलं असणार. माझी मूठ तिथं उघडते. आणि ती उघडताच तुम्ही पळता. चालत नाही अप्पा, पळता. पाहुण्यांना ढकलून, हात पुढं करून, एक चप्पल तिथंच टाकून. पिक्चरमधला बाप पाठ फिरवतो तो असा नाही.

मी पुन्हा लावलं, पुन्हा बघितलं. मन भरलं नाही म्हणून मीच उलटतपासणी घेतली. सासरच्यांपुढं अपशकुन झाला म्हणून पळाले असतील. धंद्यात नाव जाईल म्हणून पळाले असतील. मशीनमधून धूर आला असेल. बापाचं काळीजच होतं हे कशावरून? पण मग पंचमीचं ते अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. "त्या दिवशी ते मशीन..." नाव जाईल म्हणून पळालेला माणूस वर्षभरानं हदगावपर्यंत एसटी बदलत येऊन लेकीच्या ओसरीवर मशीनचं बोलणं काढत नाही. आणि ठेचलेली कॅसेट. आणि माझ्या बोटांखाली जाऊन थांबलेली ती बोटं. तुम्हाला मशीनकडे जायचं होतं, वाक्य जवळ येत होतं हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी तुम्ही माझी मूठ सोडवली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला बटणाऐवजी दुसरं काही सोडवेना. मला हे पटलं, अप्पा. मला साधं टरबूजसुद्धा पटत नाही, पण हे पटलं, आणि पटल्यावर आनंद व्हायच्या आधी मला नांदेडचा स्टँड दिसला. ती गाडी उभी होती, दार उघडं होतं. त्या दिवसाचं वाईट आत्ता वाटतं आहे, इतक्या वर्षांनी, आणि ते कुणावर काढावं कळत नाही. त्या म्हाताऱ्या नटावर काढते. तोही कधीच मेला असेल.

हे मी कुणाला दाखवणार नाही. पुतण्याच्या हाती लागलं तर तो याच्यावरही सनई घालील. सून विचारत होती, आई काय लिहिता, तर तिला म्हटलं, किराणा. ती हसली, तिलाही आता माझा गुण लागतो आहे.

एकच राहिलं. कॅसेट तिथं संपत नाही. जीप सुरू होते, मी मान खाली घालून बसलेली, आणि मागून तुम्ही येता, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. हात वर करून जीपच्या मागे काहीतरी ओरडता. मी वळून बघत नाही, कॅमेरा माझ्याबरोबर पुढं जातो आणि तुम्ही कडेनं निघून जाता. तुम्ही काय म्हणालात ते आता कुणालाच कळायचं नाही, त्यावर कुठलं तरी लग्नाचं गाणं आहे. म्हणून मी मोबाईलचा आवाज बंद करते. सून आत भाकरी थापत असते, तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तुमचे ओठ हलायला लागले की मीच बोलते, "उभी चाललीस तशी उभीच येत जा माय." ते नीट बसत नाही, तुमचे ओठ आधीच मिटतात. वाक्य माझं आहे, खोटं आहे, कुणी दुसऱ्यानं बसवलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. पण अप्पा, रोज संध्याकाळी मालिका लागायच्या आधी मी ते एकदा बोलते आणि रडते, आणि माझं नाक आधी वाहतं.